गिअरची हब मोटर की बिनगिअरची? सायकलला मोटर बसवून विकणाऱ्यांसाठी

जुनी सायकल घ्यायची, नीट करायची, मोटर बसवायची आणि विकायची, या जोडधंद्यात सगळे आधी बॅटरीची चौकशी करतात. महाग वस्तू तीच, त्यामुळे ते साहजिक आहे. पण माझी विकलेली पहिली सायकल परत आली ती मोटरीमुळे. गिऱ्हाइकाच्या रोजच्या रस्त्यावर लांब चढ होता आणि मी बिनगिअरची मोटर बसवून दिली होती. काही आठवड्यांत आतले हॉल सेन्सर, म्हणजे चुंबक कुठवर फिरले ते कळवणारे छोटे भाग, उष्णतेने गेले. मोटर खराब नव्हती, चुकीच्या रस्त्यावर गेली होती. नवी मोटर, चाक पुन्हा बांधायची मेहनत आणि दोन सुट्ट्या, यात त्या सायकलवरची सगळी कमाई गेली.

घोटाळा होतो कारण दोन्ही मोटरी बाहेरून जवळजवळ सारख्या दिसतात. मागच्या किंवा पुढच्या चाकाच्या मधोमध धातूचा डबा, त्यातून निघणारे स्पोक, आसातून बाहेर आलेली केबल. स्टिकरवरचे वॅटही सारखे असू शकतात. तसंही त्या वॅटवर फार विसंबू नका. मोटर प्रत्यक्षात किती ताकद ओढणार हे कंट्रोलर, म्हणजे बॅटरीतून मोटरीला वीज सोडणारा डबा, ठरवतो. 36 व्होल्टची बॅटरी आणि 15 अँपिअरचा कंट्रोलर असेल तर स्टिकरवर 250 लिहिलेलं असूनही चढावर 540 वॅट ओढले जातात.

बिनगिअरच्या मोटरीत आसाला तांब्याची गुंडाळी पक्की बसवलेली असते आणि तिच्याभोवती लोहचुंबक लावलेलं कवच फिरतं. कवच म्हणजेच चाक. घासणारं, झिजणारं असं बेअरिंगशिवाय काही नाही, म्हणून ती जवळजवळ आवाज करत नाही. गिअरच्या मोटरीत आत एक लहान मोटर असते. ती चाकाच्या साधारण चार-पाच पट वेगाने फिरते आणि ग्रहमालेसारख्या मांडलेल्या छोट्या दातेरी चक्रांतून चाकाला जोर देते. ही चक्रं बहुधा नायलॉनची असतात. सोबत एकाच दिशेने पकडणारा क्लच असतो.

चढावर काय होतं ते आकड्यांत पाहा. 26 इंची चाकाचा घेर सुमारे दोन मीटर. ताशी 10 किलोमीटर वेगाने चढताना चाक मिनिटाला 80 फेरे घेतं. बिनगिअरची मोटरही 80च फेरे घेते, आणि इतक्या संथ गतीला बॅटरीतल्या विजेचा मोठा भाग उष्णता होऊन जातो. गिअरची मोटर त्याच वेळी आत 400च्या आसपास फेरे घेत असते, म्हणून तीच वीज चाकाला जास्त रेटा देते. सपाट रस्त्यावर 25-30च्या वेगाला हा फरक बराच कमी होतो आणि तिथे बिनगिअरची मोटर वर्षानुवर्षं कुरकुर न करता चालते.

वजनाचंही तसंच. गिअरच्या मोटरी साधारण दोन ते साडेतीन किलोच्या, बिनगिअरच्या चार ते सात. सायकल जिन्यावरून वर न्यावी लागणाऱ्या माणसाला हा फरक पहिल्याच संध्याकाळी कळतो.

त्याहून मोठा फरक बॅटरी संपल्यावर कळतो. गिअरच्या मोटरीतला क्लच चाकाला मोकळं सोडतो, सायकल साध्या सायकलसारखी चालते. बिनगिअरच्या मोटरीत चुंबक सतत गुंडाळीवरून फिरतात, त्यामुळे पेडल मारताना हलकी ओढ जाणवते. पेडल मारायची हौस असलेल्याला ती खटकते. पेडल न मारता फक्त थ्रॉटलवर (हँडलवरची मूठ किंवा खटका) जाणाऱ्याला तिचं काही वाटत नाही.

पण चुंबक असे चाकाबरोबर सतत फिरत असल्यामुळेच बिनगिअरची मोटर ब्रेक लावताना थोडी वीज बॅटरीत परत ढकलू शकते. हीच गोष्ट विकताना सर्वात जास्त फुगवून सांगितली जाते, म्हणून इथे थांबतो. सायकल आणि माणूस मिळून 100 किलो धरा, वेग ताशी 25. पूर्ण थांबताना त्यांच्यातली सगळी गतिऊर्जा मोजली तर ती सुमारे 0.67 वॅट-अवर भरते. मोटरच्या सायकलला किलोमीटरला ढोबळ 10 ते 15 वॅट-अवर लागतात. म्हणजे सगळीच्या सगळी परत मिळाली तरी एका थांब्यामागे पन्नास-साठ मीटर, आणि सगळी कधीच मिळत नाही. लांब उतारावर थोडं जास्त हाती लागतं. खरा फायदा ब्रेकचे रबर कमी झिजण्याचा आहे, तेवढाच गिऱ्हाइकाला सांगावा. ‘चालता चालता चार्ज होते’ असं सांगून विकलेली सायकल तक्रार घेऊन परत येते आणि ती तक्रार रास्त असते.

सेकंडहँड चाक घेताना विकणाऱ्याला दोन्हींतला फरक माहीत असेलच असं नाही. म्हणून हाताने ओळखायला शिका. मोटरीची केबल कंट्रोलरपासून सोडवा, चाक उचलून पुढे फिरवा आणि मग मागे फिरवा. गिअरची असेल तर पुढे अलगद फिरेल आणि मागे फिरवताना एकदम जड होऊन आतून घरघर येईल, कारण तेव्हा क्लच पकडतो. बिनगिअरची दोन्हीकडे सारखीच फिरते, बोटांना बारीक टप्पे जाणवत. मग तीन जाड वायरींची टोकं एकमेकांना टेकवून पुन्हा पुढे फिरवा. बिनगिअरचं चाक चिखलात रुतल्यासारखं होतं. टोकं सुटी असतानाही ते तसंच जड असेल तर आत वायरी एकमेकींना चिकटल्या आहेत, ते चाक घेऊ नका. कंट्रोलर जोडल्यावरच जड होत असेल तर दोष बहुधा कंट्रोलरचा, आणि तो बदलणं सोपं आहे. डब्याच्या आकारावरून अंदाज बांधता येतो, गिअरचा डबा बहुधा लहान असतो, पण खात्री हातालाच होते.

बिघडण्याची तऱ्हाही वेगळी. गिअरच्या मोटरीत जास्त ओझं आणि उष्णतेने नायलॉनचे दाते जातात. मोटर फिरल्याचा आवाज येतो, चाक हलत नाही. चक्रांचा सुटा संच मिळत असेल तर मोटर उघडून, ग्रीस भरून तासा-दोन तासांत काम होतं, म्हणजे ही दुरुस्ती पुढे तुमचंच उत्पन्न होऊ शकते. मोटर घेण्याआधीच सुटे भाग मिळतात का ते विचारून ठेवा. बिनगिअरची क्वचित बिघडते, पण गुंडाळी जळली तर घरच्या बाकावर फारसं काही करता येत नाही.

सुरक्षेच्या बाबतीत मी कुणाचंच ऐकत नाही. दोन्ही मोटरींचा आस फ्रेमच्या किंवा फोर्कच्या (पुढचं चाक धरणाऱ्या दांड्यांच्या) खाचेत फक्त दोन सपाट बाजूंवर अडकलेला असतो आणि मोटर जोर लावते तेव्हा तो उलट फिरू पाहतो. फिरला तर केबल पिळून तुटते, आणि पुढच्या चाकात मोटर असेल तर चाकच निसटू शकतं. म्हणून टॉर्क आर्म, म्हणजे आसाला फिरू न देणारी धातूची पट्टी, हवाच. बिनगिअरच्या मोटरीने ब्रेक लावताना रेटा उलट दिशेने येतो, आस पुढे-मागे हलत राहतो आणि नट हळूहळू सैल होतात. तिथे दोन्ही बाजूंना टॉर्क आर्म लावा. अ‍ॅल्युमिनिअमच्या किंवा सस्पेन्शनच्या पुढच्या फोर्कमध्ये मी अशी मोटर बसवून देत नाही, गिऱ्हाईक कितीही म्हणालं तरी. आणि तुमच्याकडे कायदा किती वॅट आणि किती वेगापर्यंत सायकल मानतो, ते पहिली मोटर विकत घेण्याआधी वाचा. त्या रेषेपलीकडे नोंदणी आणि विमा सुरू होऊ शकतो.

माझा कल सांगतो. अनोळखी गिऱ्हाइकासाठी आधीच बांधून ठेवायची सायकल असेल तर गिअरचीच मोटर. रस्ता कसा असेल ते माहीत नसतं आणि चढ बहुतेकांच्या वाटेवर कुठेतरी असतोच. बिनगिअरची मी फक्त मागणीवरून बसवतो: रस्ता सपाट, अंतर लांब, पेडल मारायचं नाही आणि आवाज नको. त्यासाठी गिऱ्हाइकाला चार प्रश्न विचारतो. रोज किती जाता, चढ आहे का, वजन आणि सामान किती, सायकल जिन्याने न्यावी लागते का. मग शक्य असेल तर त्याच्याच रस्त्यावर फेरी मारायला देतो.

विकताना कागदावर मोटरीचा प्रकार, व्होल्ट, कंट्रोलरचे अँपिअर आणि बॅटरी लिहून देतो. पहिल्या 100 किलोमीटरनंतर सायकल परत बोलावतो, कारण नवीन बांधलेल्या चाकाचे स्पोक तोवर सैल झालेले असतात. स्पोक ताणतो, आसाचे नट पाना लावून पाहतो, आणि हात लावून मोटर किती तापते ते बघतो. या एका फेरीचा वेळ मी किमतीत आधीच धरलेला असतो.