दोमोदोस्सोला रेल्वेस्थानक

उत्तर इटलीच्या पिएमोंते प्रदेशातील, स्वित्झर्लंडच्या वाटेवरचे जुने जंक्शन. आल्प्सच्या पायथ्याशी, तोचे नदीच्या खोऱ्यात वसलेले दोमोदोस्सोला हे ओस्सोला भागाचे मुख्य गाव. दोन देशांची खरी सरहद्द उत्तरेला सिंप्लॉन बोगद्याच्या पोटात आहे. रेल्वेच्या व्यवहारात मात्र ती या स्थानकातच येऊन थांबते.

नोव्हाराहून ओर्ता सरोवराच्या काठाने येणारा लोहमार्ग १८८८ मध्ये येथे पोचला. पुढे डोंगर असल्याने तो येथेच संपत होता. गावाचे नशीब पालटले ते सिंप्लॉनमुळे. या बोगद्याचे खोदकाम १८९८ मध्ये सुरू झाले, २४ फेब्रुवारी १९०५ रोजी दोन्ही बाजूंच्या तुकड्या एकमेकींना भिडल्या आणि १ जून १९०६ पासून गाड्या धावू लागल्या. सुमारे १९.८ किमी. लांबीचा हा बोगदा १९८२ पर्यंत डोंगरातून जाणारा जगातील सर्वांत लांब रेल्वेबोगदा होता. मिलानकडून माज्जोरे सरोवराच्या काठाने येणारा मार्गही याच सुमारास जोडला गेला. १९१३ मध्ये स्वित्झर्लंडमधील लोट्शबर्गचा मार्ग खुला झाला आणि बर्नकडची वाहतूकही इकडे वळली. पहिल्या महायुद्धानंतर पॅरिस–इस्तंबूल धावणारी सिंप्लॉन ओरिएंट एक्सप्रेस याच वाटेने जाई.

बोगद्याचे इटलीकडचे तोंड इसेल्ले येथे आहे. तिथवरच्या जेमतेम १९ किमी.मध्ये गाडीला साडेतीनशे मीटरहून अधिक चढावे लागते. चढ १:४० पेक्षा तीव्र होऊ नये, म्हणून वार्त्सोजवळ डोंगरातच वळसा घालणारा बोगदा खणला आहे. मुख्य बोगद्याइतका त्याचा बोलबाला नाही, पण अभियंत्यांचे कसब पाहायचे तर इथेच. हा टप्पा इटलीच्या भूमीवर असला, तरी तेथे वीज स्विस पद्धतीची, १५,००० व्होल्टच्या प्रत्यावर्ती (एसी) प्रवाहाची आहे. दक्षिणेकडे इटलीचा ३,००० व्होल्टचा एकदिक् (डीसी) प्रवाह सुरू होतो. त्यामुळे इंजिन बदलणे हे या स्थानकाचे वर्षानुवर्षांचे काम होते. दोन्ही प्रवाहांवर चालणाऱ्या गाड्या आल्यावर ते बरेच कमी झाले.

सप्टेंबर–ऑक्टोबर १९४४ मध्ये जर्मन व फॅसिस्टांविरुद्ध लढणाऱ्या इटालियन प्रतिकार सैनिकांनी स्थापलेल्या अल्पजीवी ओस्सोला प्रजासत्ताकाची राजधानी दोमोदोस्सोला हीच होती. माघार घेताना जर्मन सैन्य सिंप्लॉन उडवणार होते. त्यासाठी वार्त्सो स्थानकात साठवलेली स्फोटके एप्रिल १९४५ मध्ये प्रतिकार सैनिकांनी जाळून टाकली आणि बोगदा वाचला.

मुख्य फलाटांच्या खाली, भुयारात, आणखी एक छोटे स्थानक आहे. तेथून १९२३ मध्ये सुरू झालेली मीटर गेजची गाडी विजेत्सो आणि चेंतोवाल्ली खोऱ्यांतून ५२ किमी.वरील स्वित्झर्लंडमधील लोकार्नोला जाते. पर्यटक दऱ्या-पुलांच्या देखाव्यासाठी तिच्यात बसतात. पण बर्नकडून लोकार्नोला जाणाऱ्या स्विस प्रवाशाला ती सोयीची जोडवाट आहे : आपल्याच देशाच्या एका भागातून दुसऱ्या भागात जाण्यासाठी तो इटलीत उतरून गाडी बदलतो.