बायपासनंतर मांडीला करंट कशासाठी?

बायपास किंवा झडपेच्या शस्त्रक्रियेनंतर रुग्णाचे आणि नातेवाइकांचे सारे लक्ष छातीकडे असते, आणि ते स्वाभाविकही आहे. परंतु नाशिकच्या रुग्णालयातून घरी परतलेला रुग्ण दोन जिने चढताना थांबतो, तेव्हा त्याला बहुधा दुरुस्त झालेल्या हृदयाने नव्हे, तर मांड्यांनी थांबवलेले असते. ‘पायांत जीवच राहिला नाही’ ही त्याची तक्रार घरच्यांनी अशक्तपणा म्हणून सोडून देऊ नये.

अंथरुणात पडून राहिलेल्या माणसाचे स्नायू आश्चर्य वाटावे इतक्या वेगाने झिजतात. निरोगी ज्येष्ठ नागरिकांना केवळ १० दिवस पलंगावर ठेवले असता त्यांच्या पायांतील जवळपास १ किलो मांसल भाग घटल्याचे २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात आढळले. अतिदक्षता विभागातील अत्यवस्थ रुग्णांमध्ये मांडीच्या पुढच्या बाजूच्या एका स्नायूच्या छेदाचे क्षेत्रफळ १० दिवसांत सुमारे १८ टक्क्यांनी कमी झाल्याचे ब्रिटनमधील संशोधकांनी २०१३ मध्ये सोनोग्राफीने मोजून दाखवले. मोठ्या शस्त्रक्रियेनंतर शरीरात उसळणारा दाह, कमी झालेला आहार आणि सक्तीची विश्रांती यांमुळे स्नायूंतील प्रथिने जितकी तयार होतात त्याहून अधिक मोडली जातात.

त्यातच छातीचे हाड उभे कापून तारांनी पुन्हा बांधलेले असते. ते नीट सांधेपर्यंत, म्हणजे साधारण ६ ते १२ आठवडे, हातांवर जोर देऊन उठण्यास मनाई असते. जमिनीवर बसून जेवणाऱ्या, भारतीय पद्धतीचे शौचालय वापरणाऱ्या माणसाला ही मनाई फार जड जाते, कारण हाताचा टेकू गेला की उठण्याचा सगळा भार मांडीच्या पुढच्या स्नायूंवर, म्हणजे क्वाड्रिसेप्सवर, येतो आणि नेमका तोच स्नायू झिजलेला असतो. निफाड किंवा दिंडोरीच्या द्राक्षबागेत दिवसभर उभे राहून काम करणाऱ्याला तर या स्नायूंशिवाय पूर्वीचे आयुष्यच परत मिळत नाही.

चालणे हाच यावरचा मुख्य उपाय आहे. मात्र ज्याला अद्याप उभेच राहता येत नाही, ज्याचे हृदय फार दुबळे आहे किंवा ज्याला कृत्रिम श्वसनयंत्रावर ठेवले आहे, त्याने चालायचे कसे? अशा रुग्णासाठी फिजिओथेरपीत स्नायूंचे विद्युत उत्तेजन वापरले जाते. यात मांडीच्या त्वचेवर चिकट पट्ट्यांसारखे इलेक्ट्रोड लावून अतिशय अल्पकालीन विद्युत स्पंद सोडले जातात. एक स्पंद साधारण ३०० ते ४०० मायक्रोसेकंद टिकतो आणि सेकंदाला २० ते ५० स्पंद दिले जातात. हा प्रवाह थेट स्नायूला नव्हे, तर स्नायूकडे जाणाऱ्या चेतातंतूंना जागे करतो, कारण ते स्नायूतंतूंपेक्षा कितीतरी कमी विजेला प्रतिसाद देतात. स्पंद विरळ असतील तर स्नायू नुसता फडफडतो. ते पुरेसे दाट झाले की हे झटके एकमेकांत मिसळून सलग, घट्ट आकुंचन होते. त्वचेला इजा होऊ नये म्हणून प्रवाहाची दिशा प्रत्येक स्पंदात उलटवून दोन्ही बाजूंचा विद्युतभार समतोल ठेवला जातो.

आपण स्वतः पाय ताठ करतो तेव्हा मेंदू तंतूंचे वेगवेगळे गट आळीपाळीने कामाला लावतो. विजेला ही पाळी ठाऊक नसते. ती इलेक्ट्रोडजवळच्या त्याच त्या तंतूंना एकाच वेळी आवळायला लावते आणि त्यामुळे ते लवकर थकतात. म्हणूनच काही सेकंद आकुंचन आणि त्यानंतर तेवढीच किंवा त्याहून अधिक विश्रांती, असा क्रम ठेवावा लागतो. प्रवाह किती वाढवायचा हे केवळ आकड्यावर ठरत नाही. ‘काका, मांडी घट्ट होतेय का?’ असे विचारत, स्नायू डोळ्यांना आवळलेला दिसेपर्यंत आणि रुग्णाला सोसवेल इतपतच फिजिओथेरपिस्ट तो वाढवतात. नुसत्या मुंग्या येत असतील तर स्नायूला फारसे काम घडलेले नसते. दुखणे कमी करण्यासाठी वापरले जाणारे टेन्स यंत्र दिसायला असेच असले तरी त्याचा उद्देश वेगळा आहे.

आता पुराव्याविषयी स्पष्ट बोलायला हवे. हृदय आणि छातीच्या शस्त्रक्रियेनंतर अत्यवस्थ असलेल्या ५४ रुग्णांवर व्हिएन्नामध्ये केलेल्या आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत या उत्तेजनामुळे स्नायूची जाडी टिकून राहिल्याचे दिसले नाही. मात्र ताकद बरीच लवकर परत आली. रुग्णालयातून घरी जाण्याच्या वेळेपर्यंत उत्तेजन मिळालेला आणि न मिळालेला असे दोन्ही गट ताकदीत पुन्हा जवळपास सारखे झाले होते. जो रुग्ण तसाही लवकर उठून चालू लागणार आहे, त्याला या यंत्राचा फार लाभ होईल असे माझे मत नाही. ते त्या मोजक्या, सर्वांत दुबळ्या रुग्णांसाठी आहे, ज्यांच्यासाठी आठवडाभर आधी उभे राहता येणे हीच मोठी गोष्ट असते.

काही गोष्टींत हयगय चालत नाही. पेसमेकर किंवा शरीरात बसवलेला डिफिब्रिलेटर (ठोके धोकादायकरीत्या बिघडल्यास हृदयाला झटका देणारे यंत्र) असेल, अथवा शस्त्रक्रियेनंतर ठोके सांभाळण्यासाठी हृदयाला जोडलेल्या तात्पुरत्या पेसिंगच्या तारा अजून काढलेल्या नसतील, तर हृदयरोगतज्ज्ञांच्या परवानगीशिवाय हे यंत्र लावू नये. बायपाससाठी पायातील शीर काढली असल्यास त्या जखमेपासून इलेक्ट्रोड दूर ठेवावेत. पायातील शिरेत रक्ताची गाठ असल्याचा संशय असेल तर उपचार थांबवावा. छातीवर इलेक्ट्रोड कधीही लावू नयेत. ‘बसल्या जागी व्यायाम’ अशी जाहिरात करून विकले जाणारे पट्टे हृदयाच्या रुग्णाने स्वतःच्या मनाने आणू नयेत, असे मी आग्रहाने सांगेन.

सुरगाणा किंवा पेठ तालुक्यातील रुग्णाला पुनर्वसनासाठी आठवड्यातून तीनदा नाशिकला येणे परवडत नाही, हे उघड आहे. अशा रुग्णाला घरी जाण्यापूर्वीच उठण्या-चालण्याचा व्यायाम लेखी स्वरूपात मिळायला हवा, आणि विद्युत उत्तेजन सुरू असेल तर ते कधी बंद करायचे हेही नातेवाइकांनी विचारून घ्यावे. हात छातीवर ठेवून खुर्चीतून सलग पाच वेळा उठता-बसता येऊ लागले की यंत्र बाजूला ठेवून घराजवळच्या सपाट रस्त्यावर रोजचे चालणे वाढवता येईल का, हा प्रश्न पुढच्या तपासणीला डॉक्टरांपुढे मांडावा.