ग्रिड संगणन: यंत्रं जोडली, मग संशोधकांना आणायचं कसं?

नागपुरात संगणकशक्तीची भूक कुणाला? नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेत हवेतल्या प्रदूषणाची मॉडेल्स चालवणाऱ्यांना, कापूस संशोधन संस्थेत जनुकक्रम तपासणाऱ्यांना, मृदा सर्वेक्षणवाल्यांना. ग्रिड मात्र वाढलं ते वेगळ्याच मंडळींच्या गरजेतून.

ठिकठिकाणच्या संस्थांचे संगणक जोडून ते सामाईक वापरायचे, ही कल्पना १९९०च्या दशकात अमेरिकेत आकाराला आली. इयन फॉस्टर आणि कार्ल केसलमन यांनी त्यासाठी ‘ग्लोबस’ हे सॉफ्टवेअर उभं केलं. त्यांच्या डोळ्यांसमोर विजेचं जाळं होतं. पंखा लावताना वीज कोराडीची की खापरखेड्याची, हे कोण विचारतं?

खरं बळ मिळालं ते सर्न या जिनिव्हाजवळच्या युरोपीय कणभौतिकी प्रयोगशाळेमुळे. तिथल्या लार्ज हॅड्रॉन कोलायडर या कणांची टक्कर घडवणाऱ्या महाकाय यंत्रातून वर्षाला सुमारे १५ पेटाबाइट (म्हणजे दीड कोटी गिगाबाइट) डेटा निघेल, असा अंदाज होता आणि तो जिनिव्हात एकट्याने पेलणं शक्य नव्हतं. म्हणून डेटा साठवण्याचं आणि तपासण्याचं काम जगभरच्या केंद्रांत स्तरास्तरांनी वाटून दिलं. भारतात मुंबईची टीआयएफआर (टाटा मूलभूत संशोधन संस्था) आणि कोलकात्याचं व्हीईसीसी (व्हेरिएबल एनर्जी सायक्लोट्रॉन सेंटर) दुसऱ्या स्तरावरची केंद्रं झाली. कणभौतिकीवाल्यांना शेकडोंच्या चमूत काम करायची सवय, शिवाय पर्यायही नव्हता. ते शिकले. बाकीचे बिचकले, आणि त्यात त्यांचा दोष नव्हता.

कारण ग्रिडवर पाऊल टाकण्याआधी डिजिटल प्रमाणपत्र, म्हणजे यंत्रांना तुमची ओळख पटवणारी फाइल, लागायचं. संस्थेमार्फत अर्ज, ओळखपत्र घेऊन पडताळणी, मग ब्राउझरमध्ये आलेली फाइल कमांड लिहून दोन तुकड्यांत फोडायची: एक प्रमाणपत्र, दुसरी गुप्त ठेवायची खासगी किल्ली. खासगी किल्लीची फाइल दुसऱ्या कुणाला वाचता येत असेल, तर यंत्रणा सरळ नकार द्यायची. पुढे तात्पुरता परवाना काढायचा, तो साधारण बारा तासांत संपायचा. वर्षभराने प्रमाणपत्राचं नूतनीकरण. मातीचे नमुने तपासणाऱ्या माणसाने हे का करावं?

युरोपने हे ओळखलं. २००४ मध्ये सुरू झालेल्या ईजीईई या युरोपीय ग्रिड प्रकल्पात यंत्रांसोबत प्रशिक्षण, मदतकक्ष आणि संशोधकाचा प्रोग्रॅम ग्रिडवर चालेल असा बदलून देणं, यासाठीही माणसं नेमली होती. माझ्या मते ग्रिडच्या इतिहासातला हाच सर्वांत शहाणपणाचा खर्च. २००५ मध्ये ‘विस्डम’ प्रकल्पाने मलेरियावरच्या औषधासाठी कोट्यवधी रेणू याच जाळ्यावर तपासले. एका संगणकाला सुमारे ८० वर्षं लागली असती, ते काम सहा आठवड्यांत उरकलं. गडचिरोलीचा मलेरिया माहीत असलेल्या विदर्भात याचं मोल वेगळं सांगायला नको.

आपल्याकडे सी-डॅक या सरकारी संगणन संस्थेने ‘गरुड’ ग्रिड उभारलं आणि पहिल्या टप्प्यात १७ शहरांतल्या ४५ संस्था जोडल्या. २००६ पासून ईयू-इंडियाग्रिड प्रकल्पाने ते युरोपशी सांधायचा प्रयत्न केला. भारतीय प्रमाणपत्रं देण्याचं कामही सी-डॅककडेच आलं; त्याआधी ती परदेशातून मागवावी लागत. २०१० मध्ये मंजूर झालेल्या राष्ट्रीय ज्ञान जाळ्याने वेगवान जोडणीचा प्रश्न बराच सोडवला.

तोवर क्लाउड, म्हणजे इंटरनेटवरून हवी तेवढी संगणकशक्ती भाड्याने घेण्याची सोय, आला होता. प्रमाणपत्रांच्या जागी वेब पोर्टल, संस्थेच्याच आयडीने लॉगिन अशी सोय होऊ लागली. मूळ ग्लोबस टूलकिटची देखभाल तिच्या कर्त्यांनी २०१८ मध्ये थांबवली. भारताने २०१५ मध्ये ४५०० कोटींचं राष्ट्रीय महासंगणन अभियान मंजूर केलं, आणि त्यात महासंगणकांच्या बरोबरीने मनुष्यबळ तयार करणं हाही एक स्वतंत्र घटक ठेवला.