विधानसभा अध्यक्ष (महाराष्ट्र)

विधानसभा अध्यक्ष : राज्याच्या विधानसभेने आपल्याच सदस्यांमधून निवडलेला पीठासीन अधिकारी. सभागृह चालवणे, नियमांचा अर्थ लावणे, सदस्यांच्या हक्कांचे रक्षण करणे आणि पक्षांतराच्या तक्रारींवर निवाडा देणे ही त्याची मुख्य कामे. महाराष्ट्राचे विधिमंडळ दोन सभागृहांचे आहे. त्यात विधानसभेच्या प्रमुखाला ‘अध्यक्ष’ आणि विधान परिषदेच्या प्रमुखाला ‘सभापती’ म्हणतात. वर्तमानपत्रांत आणि बोलण्यात या दोन शब्दांची सरमिसळ होते, जुन्या पिढीत तर विधानसभेच्या अध्यक्षांनाही सर्रास सभापती म्हणत. या नोंदीत मुख्यतः विधानसभेच्या अध्यक्षपदाचा विचार केला आहे.

संविधानाच्या अनुच्छेद १७८ ते १८१ मध्ये या पदाची चौकट आहे. प्रत्येक विधानसभेने शक्य तितक्या लवकर एक अध्यक्ष आणि एक उपाध्यक्ष निवडावा, असे अनुच्छेद १७८ सांगतो. अध्यक्षाला राज्यपाल नेमत नाहीत आणि मुख्यमंत्रीही नेमत नाहीत. तो सभागृहाने निवडायचा असतो. त्याचा राजीनामाही राज्यपालांकडे जात नाही, उपाध्यक्षांकडे जातो. आमदार म्हणून त्याने घेतलेल्या शपथेखेरीज अध्यक्षपदाची वेगळी शपथ नसते. सभागृहाचा माणूस सभागृहालाच उत्तरदायी असावा, हा त्यामागचा हेतू आहे. पुढचा सगळा इतिहास या हेतूची आणि पक्षीय बहुमताची ओढाताण म्हणून वाचता येतो.

मुंबई इलाख्यात १८६१च्या कायद्याने कायदेमंडळ आले आणि त्याची पहिली बैठक २२ जानेवारी १८६२ रोजी मुंबईच्या टाउन हॉलमध्ये भरली. त्या काळी अध्यक्षस्थानी खुद्द गव्हर्नर बसत. म्हणजे ज्याला जाब विचारायचा तोच बोलण्याची परवानगी देणार. ही स्थिती १९१९च्या सुधारणांनी पालटली. १९२१मध्ये प्रार्थना समाजाचे धुरीण सर नारायण गणेश चंदावरकर हे मुंबई कायदे कौन्सिलचे पहिले बिनसरकारी अध्यक्ष झाले. १९२३मध्ये त्यांचे निधन झाल्यावर इब्राहिम रहिमतुल्ला त्या जागी आले. पहिली चार वर्षे अध्यक्ष नेमलेला असावा आणि त्यानंतर सभासदांनी निवडावा, अशी त्या कायद्याची तरतूद होती.

१९३५च्या कायद्यानुसार निवडणुका होऊन १९३७मध्ये १७५ सदस्यांची मुंबई प्रांतिक विधानसभा अस्तित्वात आली आणि तिने गणेश वासुदेव मावळंकर यांना अध्यक्ष निवडले. मावळंकरांचे घराणे मूळचे संगमेश्वरजवळच्या मावळंग्याचे, पण त्यांची वकिली आणि सार्वजनिक जीवन अहमदाबादेत गेले. दादासाहेब मावळंकर पुढे केंद्रीय विधानसभेचे अध्यक्ष झाले आणि १९५२मध्ये पहिल्या लोकसभेचेही. प्रांताच्या सभागृहात जो पायंडा पडला तोच त्यांच्याबरोबर दिल्लीला गेला, असे म्हणायला हरकत नाही. हीच वाट नंतर शिवराज पाटील यांनीही चालली : १९७८–७९मध्ये महाराष्ट्र विधानसभेचे अध्यक्ष, १९९१ ते १९९६ लोकसभेचे.

मावळंकरांनंतर १९४६मध्ये अहमदनगरचे कुंदनमल फिरोदिया आले, मग द. का. कुंटे. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले तेव्हा सयाजी सिलम अध्यक्षपदी होते. १९६२ ते १९७२ अशी सलग दहा वर्षे बाळासाहेब भारदे यांनी हे आसन सांभाळले. भारदे संतसाहित्याचे व्यासंगी. सभागृह तापले की ते ओवी-अभंगांचा दाखला देत आणि गोंधळ निवळवत, अशी त्यांची ख्याती आहे. त्यांच्यानंतर आलेल्या बॅ. शेषराव वानखेडे यांचे नाव आज बहुतेकांना स्टेडियममुळेच माहीत असते.

रोजच्या कामकाजात अध्यक्षाचा अधिकार कसा दिसतो? प्रस्ताव मतास टाकताना तो म्हणतो, “अनुकूल असतील त्यांनी होय म्हणावे.” मग प्रतिकूल असणाऱ्यांना ‘नाही’ म्हणायला सांगतो. दोन्ही बाजूंचा आवाज ऐकून तो जाहीर करतो, “होयचे बहुमत, होयचे बहुमत, प्रस्ताव संमत झाला.” अर्ध्या मिनिटाच्या या विधीत कोट्यवधी रुपयांच्या पुरवणी मागण्या, म्हणजे अर्थसंकल्पाबाहेरच्या जादा खर्चाच्या मागण्या, मंजूर होतात. म्हणून विरोधक मतविभागणी मागतात तेव्हा ती देणे-न देणे हा किरकोळ प्रश्न नसतो. कुठली लक्षवेधी सूचना (तातडीच्या विषयाकडे मंत्र्यांचे लक्ष वेधणारी) लागणार, स्थगन प्रस्ताव (ठरलेले काम थांबवून चर्चा मागणारा) स्वीकारायचा की दालनात फेटाळायचा, हरकतीचा मुद्दा वैध की अवैध, कोणते शब्द कामकाजातून काढून टाकायचे, हे सारे अध्यक्ष ठरवतो. एखादे विधेयक धनविधेयक (कर व सरकारी खर्चाविषयीचे) आहे की नाही, याविषयीही त्याचाच निर्णय अंतिम. सभागृह चालायला एकदशांश सदस्य हजर लागतात. २८८ जणांच्या सभागृहात ही गणपूर्ती २९ होते आणि ती नाही असे कोणी दाखवून दिले की अध्यक्षाला घंटा वाजवावी लागते. तो स्वतः एरवी मत देत नाही. मते समसमान पडली तरच त्याला निर्णायक मत असते.

अध्यक्ष उभा राहिला की इतरांनी बसायचे असते. सदस्यांनी एकमेकांशी थेट न बोलता “अध्यक्ष महोदय” असे संबोधून बोलायचे असते. हा केवळ शिष्टाचार नाही. दोन भांडणाऱ्यांच्या मधे तिसऱ्याला उभे करून राग शब्दांत उतरवण्याची ती युक्ती आहे. आसनासमोरच्या मोकळ्या जागेत सदस्य धावून येतात किंवा समोरचा राजदंड उचलतात, तेव्हा मोडते ती हीच व्यवस्था.

निवडीची रीत पाहू. सार्वत्रिक निवडणुकीनंतर राज्यपाल एका सदस्याला हंगामी अध्यक्ष नेमतात. बहुधा तो ज्येष्ठांपैकी असतो. तो इतरांना शपथ देतो. २०१९मध्ये कालिदास कोळंबकर यांनी आमदारांना शपथ दिली, परंतु विश्वासदर्शक ठरावाच्या आधी त्यांच्या जागी दिलीप वळसे पाटील आले आणि त्यावरून सभागृहात जोराचा आक्षेप घेतला गेला. हंगामी अध्यक्षपद हे नावाप्रमाणे तात्पुरते असले तरी बहुमताची परीक्षा कोणाच्या देखरेखीखाली होते याला किती वजन आहे, ते त्या दिवशी दिसले.

त्यानंतर राज्यपालांनी ठरवलेल्या दिवशी निवडणूक होते. नावाला प्रस्तावक आणि अनुमोदक लागतात. महाराष्ट्रात निवड बिनविरोध करण्याकडे कल असतो : २०१९मध्ये किसन कथोरे यांनी अर्ज मागे घेतला आणि नाना पटोले एकमताने निवडले गेले. निवड झाली की सभागृहाचे नेते आणि विरोधी पक्षनेते नव्या अध्यक्षाला दोन्ही बाजूंनी आसनापर्यंत घेऊन जातात. विरोधकाचा हात त्यात असणे मला फार मोलाचे वाटते, कारण उद्यापासून ज्याचे माइक बंद होण्याची भीती आहे तोही आज ‘हा माझा अध्यक्ष’ असे मान्य करत असतो.

पूर्वी लढत झालीच तर मतदान गुप्त असे. पटोले यांनी ४ फेब्रुवारी २०२१ रोजी राजीनामा दिला आणि पद रिकामे झाले. फाटाफुटीच्या धास्तीने तत्कालीन आघाडी सरकारने डिसेंबर २०२१मध्ये नियम ६ व ७ बदलून गुप्त मतदानाऐवजी खुले मतदान आणले आणि राज्यपालांनी तारीख मुख्यमंत्र्यांच्या शिफारशीवरून ठरवावी अशी दुरुस्ती केली. राज्यपाल भगतसिंह कोश्यारी यांनी हा बदल घटनाबाह्य असल्याचे सांगून संमती दिली नाही. सरकार बदलताच काही दिवसांत तारीख मिळाली आणि ३ जुलै २०२२ रोजी, बदललेल्या नियमानेच, मतदान झाले. सदस्य एकेक करून जागेवर उभे राहत, नाव आणि क्रमांक पुकारत आणि अधिकारी शिरगणती करत. राहुल नार्वेकर यांना १६४ मते मिळाली, राजन साळवी यांना १०७. सुमारे सतरा महिने देशातल्या या मोठ्या विधानसभेला अध्यक्ष नव्हता. ‘शक्य तितक्या लवकर’ या शब्दांना मुदत न घातल्याची किंमत अशी मोजावी लागली. योगायोग असा, की नार्वेकर निवडून आले तेव्हा त्यांचे सासरे रामराजे नाईक निंबाळकर विधान परिषदेचे सभापती होते.

अध्यक्ष नसताना काम उपाध्यक्ष पाहतो आणि दोघेही आसनावर नसतील तर तालिकेवरील, म्हणजे अशा वेळेसाठी अध्यक्षांनी आधीच नेमून ठेवलेल्या यादीतील, सदस्य. हे दुय्यम पद दुर्लक्षित राहते. २०१४च्या विधानसभेला उपाध्यक्ष मिळाला तो २०१८च्या अखेरीस, विजय औटी यांच्या रूपाने. पण वेळ आली की याच खुर्चीवर सारे येऊन ठेपते. जून २०२२मध्ये शिवसेनेत एकनाथ शिंदे यांचे बंड झाले तेव्हा अध्यक्षपद रिकामे होते आणि १६ आमदारांना अपात्रतेच्या नोटिसा काढल्या त्या उपाध्यक्ष नरहरी झिरवाळ यांनी.

पक्षांतरबंदीचा हा अधिकार मूळ संविधानात नव्हता. १९८५च्या ५२व्या घटनादुरुस्तीने पक्षांतर करणाऱ्या सदस्याला अपात्र ठरवणारी दहावी अनुसूची आली आणि सभागृह चालवणारा अध्यक्ष न्यायाधीशही झाला. सर्वोच्च न्यायालयाने १९९२मध्ये किहोटो होलोहान खटल्यात ही व्यवस्था वैध ठरवली, मात्र अध्यक्षाचा निर्णय न्यायालयीन तपासणीपलीकडे नाही, हेही सांगितले. त्याआधी गोव्यात १९९०मध्ये एक विलक्षण प्रकार घडला होता : विधानसभेचे अध्यक्ष लुईस प्रोटो बार्बोझा स्वतःच काँग्रेसमधून फुटलेल्या गटाबरोबर गेले आणि मुख्यमंत्री झाले. पुढे त्यांच्यानंतरचे अध्यक्ष सुरेंद्र सिरसाट यांनी त्यांना अपात्र ठरवले. चाळीस आमदारांच्या सभागृहात एक आसन किती उलथापालथ करू शकते, याचा तो नमुना.

महाराष्ट्राच्या प्रकरणात अडचण आणखी गुंतागुंतीची होती. बंडखोरांनी झिरवाळ यांनाच पदावरून दूर करण्याची नोटीस दिली होती. अध्यक्षाला हटवण्याच्या ठरावाला चौदा दिवसांची पूर्वसूचना आणि तत्कालीन एकूण सदस्यांचे बहुमत लागते. अशी नोटीस प्रलंबित असताना अध्यक्षाने अपात्रतेचा निवाडा करू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१६मध्ये नबाम रेबिया प्रकरणात म्हटले होते. त्यामुळे नोटीस देऊन निवाडाच रोखण्याची वाट उघडली. न्यायालयाने आमदारांना उत्तरासाठी १२ जुलैपर्यंत मुदत वाढवून दिली, तोवर सरकार पडले होते. ११ मे २०२३च्या निकालात पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने नबाम रेबियाचा प्रश्न सात जणांच्या पीठाकडे पाठवला, प्रतोद (सभागृहात पक्षाचा आदेश बजावणारा सदस्य) नेमण्याचा अधिकार राजकीय पक्षाचा, विधिमंडळ गटाचा नव्हे, असे स्पष्ट केले आणि अपात्रतेचा निर्णय अध्यक्षांनीच वाजवी काळात घ्यावा, असे सांगितले. वाजवी म्हणजे किती, यावर पुन्हा न्यायालयात जावे लागले. अखेर १० जानेवारी २०२४ रोजी नार्वेकर यांनी निकाल वाचून दाखवला : शिंदे गट हीच खरी शिवसेना, आणि अपात्र कोणत्याच गटाचे आमदार नाहीत. राष्ट्रवादी काँग्रेसबाबतचा तसाच निकाल १५ फेब्रुवारी २०२४ रोजी आला.

विधानसभेचा काळ पाच वर्षांचा आणि निवाडा दीड वर्षाने, या हिशेबात न्याय कोणाच्या पदरात पडतो हा प्रश्न एका पक्षाचा नाही. मणिपूरमधील एका अपात्रतेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२०मध्ये सर्वसाधारणपणे तीन महिन्यांत निर्णय व्हावा, असे म्हटले आणि हे काम अध्यक्षांकडून काढून स्थायी न्यायाधिकरणाकडे देण्याचा विचार संसदेने करावा, असेही सुचवले. ते अद्याप झालेले नाही.

शिस्तीच्या अधिकारालाही मर्यादा आहेत. ५ जुलै २०२१ रोजी तालिका अध्यक्ष भास्कर जाधव यांच्याशी केलेल्या वर्तनावरून भाजपचे १२ आमदार एक वर्षासाठी निलंबित झाले. २८ जानेवारी २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या अधिवेशनापुढचे निलंबन रद्द केले. सभागृहाचे कामकाज न्यायालयाने तपासू नये, असे अनुच्छेद २१२ म्हणतो, पण मतदारसंघच वर्षभर प्रतिनिधीविना ठेवणे त्या संरक्षणात बसत नाही, असा त्या निकालाचा मथितार्थ. विरोधी पक्षनेत्याला मान्यता देणेही अध्यक्षांच्याच हाती असते. २०२४च्या निवडणुकीत एकाही विरोधी पक्षाला एकूण सदस्यसंख्येच्या एकदशांश, म्हणजे २९ जागा मिळाल्या नाहीत, तेव्हा या अधिकाराची तीव्रता जाणवली.

अध्यक्ष पक्षातीत कसा राहावा, यावर विचार झालाच नाही असे नाही. विधान परिषदेचे दीर्घकाळ सभापती असलेले आणि रोजगार हमी योजनेचे जनक वि. स. पागे यांच्या अध्यक्षतेखालील पीठासीन अधिकाऱ्यांच्या समितीने १९६८मध्ये सुचवले, की निःपक्षपातीपणे काम केलेल्या अध्यक्षाला पुढच्या सभागृहातही त्या पदावर राहू द्यावे. दहाव्या अनुसूचीच्या पाचव्या परिच्छेदात तर अध्यक्षाने निवडीनंतर पक्ष सोडला तरी तो अपात्र ठरत नाही, अशी खास सवलत आहे. हे दार उघडे असूनही महाराष्ट्रात त्यातून जाण्याची रीत पडली नाही. पटोले राजीनाम्यानंतर लगेच प्रदेश काँग्रेसचे अध्यक्ष झाले. वळसे पाटील अध्यक्षपदानंतर पुन्हा मंत्री झाले. यात बेकायदा काही नाही. पण ज्याला पुढचे तिकीट पक्षाकडूनच मागायचे आहे, त्याने पक्षाविरुद्ध निर्णय द्यावा ही अपेक्षा माणसाच्या बळावर टाकलेली आहे, व्यवस्थेच्या नव्हे.

विधानसभा बरखास्त झाली तरी अध्यक्षाचे पद लगेच जात नाही. नव्या विधानसभेच्या पहिल्या बैठकीच्या क्षणापर्यंत ते टिकते. त्यामुळे नोव्हेंबर २०२४ची निवडणूक नार्वेकर यांनी अध्यक्ष असतानाच कुलाब्यातून भाजपच्या चिन्हावर लढवली. ते निवडून आले, मधले दोन-तीन दिवस आसनावर हंगामी अध्यक्ष म्हणून पुन्हा कोळंबकर बसले आणि ९ डिसेंबर रोजी सभागृहाने नार्वेकर यांना बिनविरोध निवडले. राज्य स्थापन झाल्यापासून लागोपाठच्या दोन विधानसभांनी एकाच व्यक्तीला अध्यक्ष निवडण्याचा प्रसंग त्याआधी एकदाच आला होता, १९६७मध्ये, बाळासाहेब भारदे यांच्या बाबतीत.