फर्नेसची गॅसवाहिनी : जोडणी आणि गळतीची चाचणी

घर तापवणाऱ्या गॅसभट्टीला मीटरपासून इंधनवायू पोहोचवणारा पक्का नळ, तो जोडण्याची रीत आणि तो चालू करण्याआधी घ्यायची दाबचाचणी हा या नोंदीचा विषय आहे. अमेरिका आणि कॅनडात ही भट्टी बहुधा तळघरात किंवा जिन्याजवळच्या कोठडीत असते. तिने गरम केलेली हवा पत्र्याच्या नळांतून खोल्याखोल्यांत जाते. तिकडे राहणारी मराठी कुटुंबेही तिला फर्नेसच म्हणतात, म्हणून इथेही तोच शब्द ठेवला आहे. अमेरिकेत या कामाला राष्ट्रीय इंधनवायू संहिता (एनएफपीए ५४) किंवा आंतरराष्ट्रीय इंधनवायू संहिता (आयएफजीसी) लागू होते, कॅनडात सीएसए बी १४९.१. पुढचे आकडे मुख्यतः अमेरिकन संहितांतले आहेत.

मुंबई-पुण्याच्या स्वयंपाकघरात पाइपचा गॅस २१ मिलिबार दाबाने येतो. अमेरिकन घरातला दाब साधारण ‘७ इंच पाणी’ असतो. म्हणजे यू आकाराच्या नळीत पाणी भरून एक टोक गॅसला जोडले, तर दोन बाजूंच्या पाण्यात ७ इंचांचा फरक पडतो. मिलिबारमध्ये हे १७ च्या आसपास येते. दाबात फारसे अंतर नाही. अंतर आहे ते जळणाऱ्या गॅसच्या प्रमाणात, आणि त्याहून मोठे अंतर सोबतीत. शेगडी पेटते तेव्हा तिच्यापुढे कोणीतरी उभे असते. फर्नेस मात्र रात्री दोन वाजता, घर झोपलेले असताना, तळघरात आपली आपण पेटते आणि विझते, आणि हे हिवाळाभर चालते. तिच्या मागच्या सांध्यातून गॅस सुटला तर ते पाहायला कोणी नसते. त्यामुळे नळ पक्का आहे हे गॅस सोडण्याआधीच सिद्ध करावे लागते.

वासाच्या भरवशावर राहता येत नाही, हे या क्षेत्राने फार मोठी किंमत देऊन शिकलेले आहे. नैसर्गिक वायूला स्वतःचा वास नसतो. १८ मार्च १९३७ रोजी पूर्व टेक्सासमधल्या न्यू लंडन गावच्या शाळेत जमिनीखालच्या पोकळीत साचलेला वायू पेटला आणि सुमारे ३०० मुले व शिक्षक मारले गेले. तेलक्षेत्रातून निघणारा टाकाऊ वायू शाळेने तापवण्यासाठी जोडून घेतला होता. तो गळत होता, पण कोणाच्याच नाकाला कळला नाही. कार्यशाळेतल्या विजेच्या यंत्राची ठिणगी त्याला पुरली. त्यानंतर टेक्सासने वायूत वास मिसळण्याचा कायदा केला आणि पुढे ती प्रथा सर्वत्र गेली. आपल्या सिलिंडरला येणारा कुबट वासही त्याच कुळातल्या मर्कॅप्टन रसायनाचा. नैसर्गिक वायू हवेत सुमारे ५ टक्के झाला की पेट घेऊ शकतो. अमेरिकन नियमानुसार त्याचा वास या मर्यादेच्या पाचव्या हिश्श्यालाच, म्हणजे १ टक्क्याला, यायला हवा. पण नव्या लोखंडी नळाच्या आतल्या पृष्ठभागावर हा वास काही काळ विरून जातो, आणि वासात वावरणाऱ्याचे नाक थोड्या वेळात त्याला सरावते. सर्दी झालेला, म्हातारा आणि गाढ झोपलेला माणूस यांची गोष्ट तर वेगळीच. वास म्हणजे शेवटची घंटा; ती वाजली नाही म्हणून नळ पक्का ठरत नाही.

नळाचा आकार. पहिला हिशेब उष्णतेचा. एक घनफूट नैसर्गिक वायू जळला की ढोबळमानाने १,००० बीटीयू (उष्णता मोजण्याचे ब्रिटिश एकक) मिळतात, म्हणून ८०,००० बीटीयूच्या फर्नेसला तासाला ८० घनफूट वायू लागतो. त्याच नळावर ४०,००० बीटीयूचा पाणी तापवणारा बंब असेल तर एकूण १२० घनफूट. मीटरपासून सर्वांत दूरच्या उपकरणापर्यंतचे अंतर ५० फूट धरले, तर संहितेच्या नेहमीच्या कोष्टकात (दाबातली घट अर्धा इंच पाणी) अर्धा इंची लोखंडी नळ ७२ घनफुटांवर थांबतो, पाऊण इंची १५१ पर्यंत जातो. म्हणजे मुख्य नळ पाऊण इंची हवा. जुन्या घरात बंबासाठी टाकलेल्या अर्धा इंची नळालाच पुढे फर्नेस जोडलेली दिसते. तिथे गळती नसते, पण बंब पेटला की फर्नेसचा दाब पडतो, ज्योत नीट धरत नाही आणि दोष यंत्राला दिला जातो.

जोडणी. जुना आणि अजूनही सर्वांत भरवशाचा माल म्हणजे काळा लोखंडी नळ. त्याचे आटे निमुळते असतात. दर फुटाला पाऊण इंच या हिशेबाने व्यास कमी होत जातो. त्यामुळे नळ फिटिंगमध्ये फिरवत जावे तसा तो अधिकाधिक गच्च बसतो, आणि सांधा धरतो तो मुख्यतः या लोखंडावर लोखंड चेपण्याने. आपल्याकडचे जुने प्लंबर सुतळी-सफेदा लावत. तिथे गॅससाठी चालणारी पेस्ट किंवा टेप लावतात. ती आट्यांमधल्या उरल्यासुरल्या फटी बुजवते, पण वाकडे किंवा तुटके आटे ती सुधारू शकत नाही. नळ कापल्यावर आतल्या कडेला उभा राहिलेला धातूचा खरखरीत काठ रीमर या हत्याराने खरवडून काढायचा, आटे पाडताना डायवर तेल सोडत राहायचे, नंतर नळ उभा धरून ठोकून कीस झाडायचा आणि तेल पुसायचे. पेस्ट फक्त बाहेरच्या आट्यांवर, आणि टोकाचे एक-दोन आटे कोरडे सोडून. आत घुसलेला पेस्टचा गोळा किंवा लोखंडाचा कीस पुढे जाऊन फर्नेसच्या गॅस व्हॉल्व्हच्या बारीक वाटेत अडकतो.

फर्नेसजवळचा क्रम ठरलेला आहे. आधी हाताने बंद करता येणारा कॉक, उपकरणापासून ६ फुटांच्या आत. त्याच्यापुढे युनियन, म्हणजे नळ न फिरवता उघडता येणारी जोडणी; कॉक बंद करून तिथून फर्नेस सुटी करता येते. मग टी, म्हणजे तीन तोंडांची जोडणी. टीच्या खालच्या तोंडाला किमान ३ इंचांचा नळाचा तुकडा लावून त्याला टोपी बसवायची. गॅस वरून खाली येतो, टीमध्ये आडवा वळून फर्नेसकडे जातो, आणि त्याच्याबरोबर आलेला गंज, कीस किंवा ओल सरळ खालच्या तुकड्यात पडते. टी आडवी लावली आणि गॅस सरळ निघून गेला तर हा सापळा नुसता शोभेचा राहतो, आणि ही चूक वाटते त्यापेक्षा जास्त दिसते. फर्नेसच्या पत्र्यातून आत जाणारा भाग ताठ लोखंडी नळाचाच हवा. लवचिक जोडनळी पत्र्याच्या भोकातून नेली तर फर्नेसच्या थरथरीने तिची भिंत धारेवर घासत राहते. शेवटचा सांधा आवळताना दोन पाने लागतात. एकाने गॅस व्हॉल्व्ह धरून ठेवायचा आणि दुसऱ्याने नळ फिरवायचा. एकाच पान्याने जोर लावला की सगळा पीळ व्हॉल्व्हवर येतो, आणि त्याच्या ओतीव अंगाला तडा गेला तर तो डोळ्यांना दिसत नाही.

१९८० च्या दशकात जपानमधून, भूकंपाच्या अनुभवातून पुढे आलेली पन्हळी स्टेनलेस स्टीलची पिवळी नळी आता अमेरिकेत सर्रास वापरतात. ती वाकते, सांधे कमी लागतात. पण तिची भिंत पातळ असते आणि घरावर वीज पडली तर उडालेल्या ठिणगीने तिला भोक पडू शकते. म्हणून साध्या पिवळ्या नळीच्या यंत्रणेला जाड तांब्याच्या तारेने घराच्या अर्थिंगशी जोडणे बंधनकारक आहे.

दाबचाचणी. ही गॅसने घेत नाहीत. हवा किंवा नायट्रोजनसारखा निष्क्रिय वायू भरतात. ऑक्सिजन कधीच नाही. नळात राहिलेल्या तेलाशी त्याची गाठ पडली की स्फोट होऊ शकतो. चाचणीचा दाब कमाल कामाच्या दाबाच्या दीडपट, पण दर चौरस इंचाला ३ पौंडांपेक्षा कमी चालत नाही. ७ इंच पाणी म्हणजे पाव पौंड, तेव्हा ही परीक्षा नेहमीच्या दाबाच्या बारापट कडक आहे. फर्नेसचा गॅस व्हॉल्व्ह बहुधा अर्ध्या पौंडापर्यंतच झेलतो, म्हणून चाचणीआधी फर्नेस सोडवून नळाच्या तोंडाला टोपी लावतात. नुसता कॉक बंद करून चालत नाही; त्याच्यातून किंचित हवा सरकली तरी पलीकडच्या गॅस व्हॉल्व्हमधला पडदा फाटू शकतो.

गेज कोणते लावायचे, यावर सगळे ठरते. संहिता सांगते की गेजची पट्टी चाचणीच्या दाबाच्या पाचपटींहून मोठी नको. ३ पौंडांसाठी १५ पौंडांचे गेज शेवटची मर्यादा झाली. गाडीतले १०० पौंडांचे गेज लावून ‘काटा हलला नाही’ म्हणणाऱ्याने काहीच तपासलेले नसते. ५० फूट पाऊण इंची नळाच्या पोटात सुमारे ५ लिटर हवा मावते. तीतून दशांश पौंड दाब जायला ३५ मिलिलिटर हवा निसटावी लागते, म्हणजे पोह्यांचे दोन-तीन चमचे. बारीक पट्टीच्या गेजवर ही गळती दिसते, मोठ्यावर नाही. नळाचे पोट मोठे असेल तर तेवढ्याच गळतीने दाब हळू उतरतो, म्हणूनच संहितेत दर ५०० घनफुटांना अर्धा तास असा काळ दिला आहे. एका कुटुंबाच्या घराला किमान १० मिनिटे पुरतात. ही किमान मर्यादा आहे, अनुभवी फिटर गेज जेवणाच्या सुट्टीभर तसेच ठेवतो.

एक गोष्ट नवख्याला हमखास फसवते. पंपातून आलेली हवा गरम असते आणि नळ थंड तळघरात असतो. ३ पौंडांवर बंद केलेली हवा २० अंशांवरून १० अंशांवर आली तर गळती नसतानाही काटा सुमारे ०.६ पौंड खाली येतो. उलट सकाळच्या उन्हाने तापलेला नळ खरी गळती झाकून टाकतो. म्हणून दाब भरला की नळ आणि हवा एका तापमानाला येईपर्यंत थांबायचे, मग पंपाची नळी सोडवायची, काट्याची जागा आणि वेळ लिहायची आणि त्यानंतरच घड्याळ धरायचे.

काटा उतरला तर सांधे शोधायचे. गळती पाहण्याचा तयार फेस ब्रशने प्रत्येक सांध्याभोवती पूर्ण फिरवतात, मागच्या बाजूलाही, आरसा धरून. मोठी गळती लगेच बुडबुडे काढते. लहान गळतीत युनियनच्या कडेला साबूदाण्याएवढ्या बारीक पांढऱ्या फेसाची कडी हळूहळू जमते, आणि ती दिसायला मिनिटभर एकाच जागी नजर लावून बसावे लागते. सिलिंडरच्या नळीला साबणाचे पाणी लावून पाहणाऱ्या घरांना ही खूण ओळखीची आहे. मात्र भांड्यांचा साबण इथे टाळतात: काहींतली क्षारद्रव्ये स्टेनलेस नळीला आणि अमोनिया पितळेला खातो. काडी किंवा लायटर कोणत्याही परिस्थितीत नाही. गळका सांधा वरून लेप लावून बुजवत नाहीत. तो उघडायचा, आटे पाहायचे, गरज पडल्यास फिटिंग बदलायचे आणि चाचणी पहिल्यापासून घ्यायची.

गॅस सोडणे. नळ चाचणीत पक्का ठरला की त्यात हवा उरते आणि तिला हाकलून गॅस आणावा लागतो. मधल्या काही क्षणांत दोन्हींचे पेटते मिश्रण नळाच्या तोंडातून बाहेर पडते. ९ जून २००९ रोजी नॉर्थ कॅरोलायनातल्या गार्नर येथील खाद्यपदार्थांच्या कारखान्यात पाणी तापवण्याच्या नव्या यंत्राचा नळ असाच इमारतीच्या आत मोकळा केला जात होता. वास येत आहे की नाही यावर माणसे विसंबली. स्फोटात ४ कामगार गेले आणि ६७ जण जखमी झाले. त्यानंतर संहितेतले नियम कडक झाले. मोठ्या नळाचे तोंड इमारतीबाहेर मोकळ्या हवेत न्यावे लागते आणि वायुमापक यंत्राने पाहत राहावे लागते. घरातल्या लहान नळालाही ज्योत, ठिणगी, चालू मोटार जवळ नको, आणि माणूस तिथून हलता कामा नये.

मग फर्नेसकडचा उरलेला सांधा आणि युनियन गॅस असताना फेसाने तपासतात, कारण दाबचाचणीत ते सुटलेलेच होते. सर्व उपकरणे बंद ठेवून मीटरचा लहान काटा पाहतात. तो सरकला तर कुठेतरी गॅस जातो आहे. फर्नेस पेटल्यावर व्हॉल्व्हच्या पुढचे सांधे पुन्हा एकदा, कारण तिथे गॅस तेव्हाच पोहोचतो. शेवटी मॅनोमीटर. फर्नेस आणि बंब दोन्ही चालू असताना आत येणारा दाब ७ इंचांच्या आसपास टिकला पाहिजे आणि बर्नरकडचा बहुधा ३.५ इंच, नेमका आकडा यंत्राच्या पाटीवर असतो. प्रोपेनवर चालणाऱ्या घरात हे आकडे अनुक्रमे ११ आणि १० होतात. प्रोपेन हवेपेक्षा दीडपट जड असल्याने तो तळघराच्या जमिनीवर साचतो, तर नैसर्गिक वायू छताकडे चढतो. तिथे गळतीचा गजर लावताना म्हणूनच जागा उलट्या.

घरात गॅसचा वास आलाच तर दिव्याचे बटण चालू किंवा बंद करायचे नाही, फोन आत वापरायचा नाही, सर्वांना घेऊन बाहेर पडायचे आणि दूर जाऊन गॅस कंपनीला कळवायचे. कॉक शोधत तळघरात उतरणे घरच्या माणसाचे काम नव्हे.

हे काम कोणी करायचे, हे प्रदेशागणिक बदलते. ऑन्टारिओत ते परवानाधारक गॅसफिटरचेच. अमेरिकेतल्या काही ठिकाणी घरमालकाला स्वतःच्या घरासाठी परवानगी काढता येते, पण तपासणी सुटत नाही. नव्या बांधकामात ती भिंती बंद होण्याआधी होते. फिटर दाब भरून, गेज नळावरच ठेवून, तपासनिसाची वाट पाहतो. तपासनीस येतो, कागदावरची वेळ वाचतो, गेजच्या काचेवर बोटाने टिचकी मारून काटा अडकलेला नाही ना हे बघतो आणि मगच सही करतो.