दर चढला की अंधारात बसायचं? मुळीच नाही

वेळेनुसार वीजदर आले की महागड्या तासांत दिवे-पंखे बंद करून बसावं लागेल, असं वर्षानुवर्षं ऐकवलं जातं. हे खरं नाही. ९ वॅटचा एलईडी दिवा तासभर बंद ठेवून हाती काहीच लागत नाही. २,००० वॅटचा गीझर चालू असताना अशा २२० दिव्यांइतकी वीज ओढतो. वेळ सरकवायची ती याची. १५ लिटर पाणी २० अंशांवरून ६० अंशांवर न्यायला त्याला जेमतेम २०-२२ मिनिटं लागतात, आणि टाकीला उष्णता धरून ठेवणारं अस्तर असल्यानं पाणी पुढे काही तास गरम राहतं. स्वस्त तासात तापवा, आंघोळ हवी तेव्हा करा. वॉशिंग मशीन, गाडीचं चार्जिंग यांचंही तेच. आजारी माणसाच्या खोलीतला पंखा मात्र दर बघून बंद करू नका, कळकळीची विनंती आहे.