वकिलाचा सल्ला आणि समुपदेशकाचे प्रश्न

'वेगळं व्हावं की नाही, तेवढं सरळ सांगा ना!' घटस्फोटाच्या विचारात असलेली बाई हे वकिलालाही म्हणते आणि समुपदेशकालाही.

वकील लगेच मुद्द्यावर येतो. परस्परसंमतीने हवा असेल तर हिंदू विवाह कायद्याच्या कलम 13-बी प्रमाणे अर्जाआधी किमान वर्षभर वेगळं राहिलेलं असावं लागतं. अर्जानंतर सहा महिने थांबायचं. मात्र 2017 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर योग्य प्रकरणात कोर्ट ही मुदत माफ करू शकतं. समुपदेशक विचारतो, 'वेगळं झाल्यावर पहिला रविवार कसा जाईल?' फी भरून आलेल्या बाईला ही टोलवाटोलवी वाटली, तर त्यात तिचं काय चुकलं?

पण वकील सांगतो ते कायद्यात लिहिलेलं असतं. तीच कागदपत्रं घेऊन दुसऱ्याकडे गेलात, तरी उत्तर साधारण तेच मिळेल. एकटेपण किती झेपेल, 'मुलांसाठी थांबलेय' म्हणते ते मुलांसाठीच की माहेरच्यांच्या धाकाने, हे कुठल्याच कलमात नाही. समुपदेशकाने तर नवऱ्याची बाजूही ऐकलेली नसते. त्याने तासाभरात 'सोडा त्याला' म्हटलं आणि पुढे फसलं, तर निस्तरायचं हिनेच. (कौटुंबिक न्यायालयातला विवाह समुपदेशक वेगळा. समेट होतो का, मुलांचं काय, हे बघणं त्याच्या कामात येतं.)

म्हणजे समुपदेशकाने नुसतं 'हं, पुढे?' करत बसायचं का? तसं मुळीच नाही. सल्ला देण्यापेक्षा ऐकण्यावर भर देणारी पद्धत अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांनी 1942 मध्ये मांडली, आणि समुपदेशक म्हटलं की अजून तेच चित्र डोळ्यांसमोर येतं. पुढे 1950 च्या दशकात अल्बर्ट एलिस यांनी नेमकी उलटी वाट धरली. ते समोरच्याचा अविवेकी विचार पकडून तिथेच वाद घालत, वर गृहपाठही देत. हीच विवेकनिष्ठ पद्धत कि. मो. फडके यांनी मराठीत रुजवली. म्हणून 'घटस्फोट झाला तर माझं आयुष्यच संपलं' असं म्हणालात, तर या पद्धतीचा समुपदेशक 'संपलं म्हणजे नेमकं काय झालं?' असं विचारून तुम्हाला चांगलंच धारेवर धरेल. घटस्फोट घ्या की घेऊ नका, हे मात्र तोही सांगणार नाही. माझ्या मते सगळा घोळ इथेच होतो: आपल्याला थेट बोलणारा माणूस हवा असतो आणि आपण मागतो आयता निर्णय.

घरात मारहाण होत असेल तर गोष्ट वेगळी. तिथे समुपदेशकाने आडवळणाने बोलूच नये. आज रात्री कुठे राहणार, कागदपत्रं कुणाकडे ठेवणार, महिलांसाठीची 181 ही हेल्पलाइन, 2005 च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याखाली मिळणारं संरक्षण, हे त्याने स्पष्ट सांगायलाच हवं.

एरवी 'तुम्ही माझ्या जागी असता तर काय केलं असतं?' हे विचारून फारसं हाती लागत नाही. त्याऐवजी 'माझ्या बोलण्यात तुम्हाला विसंगती कुठे दिसते?' असं विचारा; याचं उत्तर त्याला देता आलं पाहिजे. महिनोन् महिने जाऊनही ते मिळत नसेल, किंवा पहिल्याच भेटीत 'सोडून द्या त्याला' असा निकाल मिळाला, तर खुशाल समुपदेशक बदला.